फ्रिजच्या कॉम्प्रेसरची होडी

कोपरीतल्या आमच्या दोन खोल्यांत एक काळ असा होता की जेवायला बसलं तरी पंपाचाच विषय निघे. पाण्याचा पंप नव्हे, हवा खेचून काढणारा. आमच्या आळीत पंप म्हटला की लोकांना स्टोव्हचा नाहीतर सायकलचा आठवायचा, आणि ते दोन्ही हवा भरणारे. हवा काढून घेणारा पंप कशाला लागतो हे मी आयला किती वेळा समजावलं असेल त्याला गणती नाही. ती शांतपणे ऐकून घ्यायची आणि शेवटी विचारायची, "मंग ती काढलेली हवा जाते कुठं?"

"खोलीतच."

"मंग काढली कशाला?" असं म्हणून ती तव्यावरची भाकरी उलटायची. या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, पण भाकरी उलटून झाल्यावर तिला ते नको असायचं. आमच्यात आईला आय म्हणतात आणि बापाला अरे-तुरे करतात. पुढे नोकरीच्या ठिकाणी चारचौघांत मी त्याला 'बाबा आले, बाबा गेले' म्हणून पाहिलं, पण ते दुसऱ्याच कुणाच्या वडिलांबद्दल बोलल्यासारखं वाटायचं. तेव्हा इथे तो जसा होता तसाच लिहिते.

बाबा खाडीत एकटा जायचा. मोठ्या बोटीवर तो तरुणपणी होता, इंजिनाजवळ उभं राहून दहा-बारा वर्षं काढली होती. ती बोट विकली गेल्यावर त्याने अकरा फुटी लाकडी होडी घेतली आणि मीठबंदराच्या बाजूने कोळंबी, चिंबोऱ्या आणि निवट्या आणू लागला. निवट्या चिखलातल्या, बोटाएवढ्या, डोळे वर काढून बघणाऱ्या; आय त्यांचं चिंच घालून कालवण करायची आणि त्या दिवशी भात कमी पडायचा. खाडीत जायला भरती-ओहोटी बघावी लागते. ओहोटीला पाणी लांब जातं आणि मधे शंभर-दीडशे पावलं नुसता चिखल उरतो. त्यातून होडी ओढत न्यायची. जड लाकडाची होडी, वर पाणी पिऊन आणखी जड झालेली. हे दोन माणसांचं काम बाबा वर्षानुवर्षं एकटा करत आला, आणि मग एका सकाळी चिखलातच त्याचा उजवा खांदा निखळला. खांदा बसवला, पण त्यातली ताकद काही परत आली नाही. वल्हं मारता येई, होडी ओढता येत नसे.

आयचं म्हणणं सरळ होतं. ती कोपरीच्या बाजारात मासळी विकायची आणि खाडीच्या मासळीला कारखान्यांच्या औषधाचा वास येतो म्हणून गिऱ्हाईक टोपलीत नाक घालून परत जातं, हे रोज तिच्या समोर घडत होतं. तिच्या ओळखीच्या एका कंत्राटदाराने डोंबिवलीच्या एका कारखान्यात गेटवर बसायचं काम बाबासाठी धरून ठेवलं होतं. दिवाळीनंतर रुजू व्हायचं. खाकी कपडे, खुर्ची, डोक्यावर पत्रा. "चिखलात मरन्यापेक्षा खुर्चीत बसावं," ती म्हणाली. बाबा बोलायचाच कमी. हाक मारली तर तिसऱ्या हाकेला वळायचा, आणि आम्ही सगळे त्याला हट्टी म्हणायचो. त्याने गेटच्या नोकरीला नाही म्हटलं नाही, पण त्या संध्याकाळी होडीपाशी जाऊन तो तिच्या फळ्यांवरून हात फिरवत बसलेला मी पाहिला, आणि मला ते बघवलं नाही. खाकी कपड्यांतला बाबा माझ्या डोळ्यांसमोर येईना.

मी तेव्हा कल्याणच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. उपकरणं काढायची, पुसायची, मुलांनी मोडली की नोंद करायची. तिथेच देवधरकाकांशी ओळख झाली. ते डोंबिवलीचे, एका कंपनीतून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झालेले, आणि त्यांना बिनइंजिनाची छोटी विमानं करून उडवायचा नाद होता. पंखांसाठी ते काचेच्या धाग्याचं कापड आणि वाळून कडक होणारं चिकट रेझिन वापरत. आमच्या सरांकडून दाबमापक उसना न्यायला आले होते. गुंडाळलेला कागद उलगडावा तसं ते बोलायचे, एकदा सुरू झाले की शेवटपर्यंत. ब्रशने रेझिन लावलं तर कापड पितं त्याहून जास्त लागतं आणि वस्तू जड होते, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. त्याऐवजी कोरडं कापड साच्यावर घालायचं, वरून प्लॅस्टिक टाकून कडा हवाबंद करायच्या, आतली हवा पंपाने काढायची आणि मग एका बाजूने रेझिनची नळी उघडायची. हवा नसलेल्या जागेत रेझिन आपोआप धावतं आणि कापडाला हवं तेवढंच राहतं. परदेशी मासिकांत लोक असे नाद घरच्या गॅरेजमध्ये करतात, असं ते म्हणाले. मी विचारलं, "याची होडी होईल का?"

"होईल की. चाळीस किलोच्या आत होईल." मग चष्मा काढून म्हणाले, "फक्त पंप चांगला हवा, कुंदा. सगळं पंपावर आहे."

हे शेवटचं वाक्य चूक होतं. पण ते कळायला आम्हाला तीन महिने लागले.

पहिला पंप देवधरकाकांनीच शोधला. डोंबिवलीच्या औद्योगिक भागातल्या एका भंगारवाल्याकडे रसायनाच्या कारखान्यातून निघालेला, ओतीव लोखंडाचा, गुडघ्याच्या वर येणारा. त्याला चालवायला तीन फेजची वीज आणि सतत वाहतं पाणी लागायचं. कोपरीत आमच्याकडे नळाला सकाळी तासभर पाणी यायचं आणि त्यात धुणी, भांडी, आंघोळी उरकायच्या असायच्या. त्या पाण्यावर पंपाने हक्क सांगितला असता तर आयने पंपासकट आम्हाला खाडीत ढकललं असतं. तरी काकांचं मन त्या पंपावर बसलं होतं. त्यांच्या एका मेव्हण्याचं लेथचं छोटं वर्कशॉप होतं, तिथे वीज आणि पाणी दोन्ही होतं. आधी दाराएवढा एक सपाट तुकडा करून बघू, असं ठरलं. रविवारी मी बाबालाही नेलं.

पंप सुरू झाला तेव्हा वर्कशॉपचा पत्रा थरथरला. एकमेकांशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागे. प्लॅस्टिक क्षणात कापडाला चिकटलं, काका खूश झाले. पण तबकडीवरचा काटा वीसवर जाऊन थांबला. तीसच्या जवळ गेला म्हणजे आत हवा जवळजवळ उरली नाही असं समजायचं. वीसच्या पुढे तो सरकेना. काकांनी वाट न बघता रेझिन सोडलं. ते अर्ध्यापर्यंत नीट गेलं आणि मग त्यात बुडबुडे दिसू लागले. दुसऱ्या दिवशी सोलून काढलेला तुकडा एका बाजूला पांढरट, कोरडा होता. नखाने कापड सुटत होतं.

"पंप कमी पडला," काका म्हणाले. "याच्या दुप्पट मोठा बघायला हवा. भिवंडीला मिळेल."

बाबा तो तुकडा हातात घेऊन उलटसुलट करत होता. मी त्याच्या समोर जाऊन सगळं नीट सांगितलं: काका काय म्हणतात, हवा कुठून तरी आत येते, म्हणून मोठा पंप हवा. त्याने माझ्याकडे बघितलं. "होडी गलते म्हनून मोठा डबा घेते काय गो कुनी? पानी उपसायला?" तो म्हणाला. "भोक बुजवतेत."

काका गप्प झाले. काकांसारखा माणूस गप्प होणं ही नोंद करण्यासारखी गोष्ट आहे. पण ते मोठ्या मनाचे होते, थोड्या वेळाने स्वतःच हसले आणि म्हणाले, "तुझे वडील बरोबर बोलतायत. मी इतकी वर्षं डबेच मोजत बसलो."

आज माझ्याकडे कुणी कुणी विचारायला येतात. नातवाच्या वयाची मुलं, गच्चीवर सर्फबोर्ड नाहीतर सायकलची फ्रेम करणारी. त्यांच्या फोनवर पंपांची लांबलचक यादी असते आणि ती मला वाचून दाखवतात. मी विचारते, तुझी पिशवी गळते का ते बघितलंस? ती नाही म्हणतात, म्हणजे बघितलेलं नसतं. मग मी त्यांना डब्याची गोष्ट सांगते. बाकीची नाही सांगत.

दुसरा पंप माझ्या हाताशीच होता, प्रयोगशाळेतला. तेलावर चालणारा, गोंडस, काटा अगदी टोकाला नेणारा. दिवाळीच्या सुट्टीत कॉलेज बंद असताना तो घरी नेला असता तर कुणाला पत्ता लागला नसता, आणि काकांनी हळूच तसं सुचवलंही. मी दोन दिवस त्यावर विचार केला हे कबूल करते. पण रेझिनचा एक थेंब आत गेला असता तर तो पंप कायमचा बसला असता, आणि त्याच्या नोंदवहीवर सही माझी होती. शिवाय उसन्या पंपावर बापाची होडी करायची, हे मला आवडलं नाही. मी नाही म्हटलं.

तिसरा पंप नासीरभाईने दिला. त्याचं फ्रिज दुरुस्तीचं दुकान कल्याण स्टेशनच्या मागे होतं आणि कॉलेजचा फ्रिज तोच बघायचा. मी त्याला माझी गरज सांगितली तर तो आतून एका जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर घेऊन आला. काळा, गोल, मोठ्या भोपळ्याएवढा, बुडाशी तांब्याच्या दोन नळ्या. "ताई, हा भरायचं काम करतो तेवढंच खेचायचंही करतो. फ्रिजमध्ये कुणाला दिसत नाही एवढंच." त्याने वायर जोडली. मला वाटलं चालू झालाच नाही.

"चालू आहे?"

"हात लावा ना."

हात लावल्यावर थरथर कळली. मग त्याने मला खेचणाऱ्या नळीवर ओला अंगठा ठेवायला सांगितलं. पहिल्यांदा काहीच वाटलं नाही. नासीरभाई चहा पीत बसला. हळूहळू अंगठ्याचं मांस नळीत ओढलं जाऊ लागलं, आणि चहा संपेपर्यंत मला अंगठा सोडवता येईना. "बडा पंप एकदम पकडतो आणि तिथंच राहतो," तो म्हणाला. "हा आळशी आहे, पण शेवटपर्यंत जातो. फक्त याच्या पोटात पाणी-बिणी जाऊ देऊ नका, मरेल." चादरीत गुंडाळून मी तो प्रयोगशाळेत नेला आणि तिथल्या पाऱ्याच्या मापकाला जोडून बघितला. पारा अठ्ठावीसच्या पुढे गेला आणि तिथे टिकला. त्या खोलीत पंख्याचा आवाज त्याच्या आवाजापेक्षा जास्त होता. मी त्याच दिवशी ठरवलं. हवा शिरते तिथे बारीक शिट्टी वाजते, ती बाबा कानाने शोधेल, आणि त्यासाठी पंप मुका असणंच चांगलं, असा माझा हिशोब होता. त्या हिशोबाचा मला फार अभिमान वाटला.

पंपाच्या पोटात रेझिन जाऊ नये म्हणून मधे एक हवाबंद भांडं लागतं. काकांनी कुकर सुचवला. आमचा कुकर आतल्या झाकणाचा. हवा खेचली की झाकण रबर सोडून आत पडायचं. शेजारच्या पार्वतीकाकूंचा बाहेरच्या झाकणाचा होता. आयने आमचा कुकर त्यांना देऊन त्यांचा आणला, आणि येताना मला ऐकवलं, "भात त्यांचा आनि रेझीन आमचं. चांगला संसार हाय." ती विरोधात होती, पण कुकर तिनेच आणला. ती तशीच होती.

साचा म्हणून बाबाची जुनीच होडी वापरायची होती. अंगणात ती उलटी घातली. लाकडाच्या फटींतून हवा शिरणार म्हणून बाबाने दोन आठवडे तिच्यावर गाड्यांना लावतात ती पुट्टी फासली, घासली, पुन्हा फासली. डाव्या हाताने, उजवा हात नुसता टेकवून. एकदा पुट्टीखाली गेल्यावर ती होडी परत पाण्यात जाणार नव्हती, हे त्याला माहीत होतं आणि आम्हालाही. म्हणजे नवी झाली तर झाली, नाहीतर गेट. पुट्टीवर फरशीचं मेण, त्यावर काचेचं कापड, त्यावर परकराच्या अस्तराचं नायलॉन. रेझिन सगळीकडे पसरावं म्हणून परदेशात एक खास जाळी वापरतात. ती कुठून मिळणार? बाबाने कोळंबीचं जुनं बारीक जाळं कापून पसरलं. काकांनी ते निरखून पाहिलं आणि म्हणाले की मासिकातल्या चित्रात अगदी असंच दिसतं. सगळ्यात वर पावसाळ्यात छपरावर टाकतात तसलं प्लॅस्टिक, आणि कडेने गाड्यांच्या काचा बसवणारे वापरतात ती काळी चिकट पट्टी. नाळेपाशी, म्हणजे होडीच्या टोकाशी, प्लॅस्टिक जास्त होतं, तिथे मी त्याची एक उभी चुणी घालून चिकटवली.

रविवारी सकाळी काका आले. काटा अठ्ठावीसवर आणून पंप बंद करून दहा मिनिटं बघितलं, हलला नाही. मी कळशीतलं पाणी पिऊन घेतलं, इतका वेळ मी पाणीही प्यायले नव्हते. आता रेझिन मिसळायचं, एवढंच उरलं. तेवढ्यात बाबा म्हणाला, "पूजा व्हाया पायजे." नवी होडी नारळ फोडल्याशिवाय होत नाही, आणि नाळेला माळ हवीच. आयने हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. झेंडूची माळ मी घातली. ती घसरत होती म्हणून साडीची सेफ्टीपिन काढून टोचली. चिकटपट्टीच्या बाहेरच्या मोकळ्या प्लॅस्टिकला टोचतेय अशी माझी खात्री होती. प्रयोगशाळेत काचेच्या नळीला ओरखडा गेला तर मुलांना झापणारी मी!

पंप पुन्हा लावला. काटा चढला, सव्वीसला थांबला. बंद करून बघितलं तर डोळ्यांदेखत खाली येऊ लागला. सकाळी टिकलेला काटा आता टिकत नव्हता आणि आमच्यापैकी कुणालाही माळेचा संशय आला नाही. माळ ही देवाची, ती तपासायची नसते. काकांनी कडा दाबून बघितल्या, मी दाबून बघितल्या. अर्धा तास गेला. काकांनी रेझिन तसंच सोडावं असं सुचवलं, मग स्वतःच मान हलवली. कापड एवढंच होतं. दुसऱ्यांदा होणार नव्हतं.

"बाबा, तू ऐकून बघ," मी त्याच्यासमोर उभं राहून म्हटलं.

हाच तो क्षण, ज्यासाठी मी मुका पंप निवडला होता. बाबाने पंप चालू ठेवायला सांगितला, गुडघ्यावर बसला आणि प्लॅस्टिकला कान लावून कडेकडेने सरकू लागला. आम्ही श्वास रोखून उभे होतो. लांबवर स्टेशनवरची घोषणा ऐकू येत होती, चुलीवर आयचा तवा तापला होता, बाकी सगळं गप्प. तो पूर्ण फेरी मारून नाळेपाशी आला. माळ बाजूला सरकवून तिथे कान लावला. पुढे गेला. पुन्हा एक फेरी, पुन्हा नाळ, पुन्हा माळेखाली कान. मग तो उठला, पंच्याने हात पुसले. "नाय. कुठं नाय," तो म्हणाला. "सोड गो पोरी. नाय व्हायाचं ते." आणि ओट्यावर बसून, कुणाकडेही न बघता, "दिवालीनंतर जाईन मी गेटावर."

मला रडू आलं. काका चष्मा पुसत राहिले.

आय चुलीपाशी भाकऱ्या थापत बसली होती. नाळेचं टोक घराच्या दाराकडे होतं, तिच्यापासून चार-पाच हातांवर. ती तव्यावरची भाकरी काढून बाजूला ठेवून उठली. हातात तांदळाच्या उकडीचा गोळा तसाच होता. सरळ नाळेपाशी आली, इकडे नाही बघितलं, तिकडे नाही बघितलं. माळ उचलली, पिन काढून पदराला लावली आणि चुणीवर गोळा अंगठ्याने दाबून बसवला. उकड क्षणभर फुगीर दिसली आणि मग आत ओढली गेली. मी काट्याकडे बघितलं. सव्वीस, सत्तावीस. अठ्ठावीस. तो तिथे थांबला आणि पंप बंद केल्यावरही थांबून राहिला. काका उठून उभे राहिले होते. आय म्हणाली, "घ्या आता, लावा काय ते रेझीन. जेवायला उशीर होते," आणि परत चुलीपाशी जाऊन बसली.

रेझिन कापडातून जाताना पाहणं हा माझ्या आयुष्यातला एक मोठा आनंद आहे, तो मी पुढे अनेकदा घेतला, पण त्या दिवसासारखा नाही. पांढरं कापड भिजत जातं तसं आरपार दिसू लागतं. जुन्या होडीच्या पाठीवरून ती ओली रेघ जाळ्याच्या घराघरातून पुढे सरकत होती. बाबा तिच्या बरोबरीने चालत होता, हात न लावता. रेघ नाळेपर्यंत पोचायला पाऊण तास लागला. मग आम्ही चौघं ओट्यावर बसून भाकरी आणि सुकटाची चटणी खाल्ली. काका सुकट खात नसत. त्या दिवशी खाल्लं.

दुसऱ्या दिवशी होडी सुटली. बाजारातल्या मोठ्या काट्यावर नेऊन तोलली, छत्तीस किलो. नाळेपाशी तळहाताएवढा पांढरट डाग राहिला होता, तिथे काकांनी आणखी दोन थर लावले. नव्या होडीचं पोट जुनीच्या पाठीवर घडलेलं, त्यामुळे जुन्या फळ्यांच्या रेघा तिच्या आतून दिसायच्या. बाबा डाव्या हाताने ती चिखलावरून एकटा ओढून नेई. दिवाळीनंतर तो गेटवर गेला नाही. कंत्राटदाराला नाही कळवायला आय स्वतः डोंबिवलीला जाऊन आली, आणि त्यानंतरच्या पहिल्याच भरतीला तीही होडीत जाऊन बसली.

याचं आम्हा सगळ्यांना नवल वाटलं. लग्नानंतर ती खाडीत कधी गेली नव्हती. बाजारात मासळी उठत नाही, बसून काय करू, असं ती सांगायची. ती नाळेकडे पाठ करून, बाबाकडे तोंड करून बसायची आणि त्याच्या खांद्यावरून मागे बघत राहायची. मधूनच उजवा नाहीतर डावा हात वर करायची आणि तो होडी त्या बाजूला वळवायचा. बंदरावरची माणसं हसायची, "जनाबाय ट्रॅफिक पोलीस झाली," म्हणायची. मीही हसले आहे. आमच्या घरात शेवटी राज्य कुणाचं ते दिसलं, असं मी काकांना सांगितल्याचं आठवतं. असं सहा वर्षं चाललं. मग बाबाला छातीचा त्रास झाला आणि तो अंथरुणावरच गेला, घरात, आमच्यासमोर.

तो गेल्यावर कितीतरी दिवसांनी एका दुपारी आय सुपात जवळा निवडत बसली होती. बोलता बोलता मी सहज विचारलं, होडी केली त्या दिवशी तुला नाळेपाशीची ती बारीक शिट्टी कधी ऐकू आली?

"पयल्यापासून," ती म्हणाली. तिचा बाप होड्यांच्या फटींत कापूस ठासून राळ भरायचं काम करायचा आणि लहानपणी हिला होडीच्या आत बसवून वारा कुठून लागतो ते विचारायचा, हे मला माहीत होतं. कधी डोक्यात आलं नव्हतं इतकंच.

"मग गप्प का बसलीस अर्धा तास?"

"खोटं कशाला बोलू. नाय झाली होडी तं नाय, गेटावर जाईल, असं वाटलं मना." तिने सूप पाखडलं. "पन त्यानं दोनदा कान लावला थितंच. माल सरकवून लावला. आनि बोलला, नाय."

इंजिनाजवळची दहा-बारा वर्षं, तिसऱ्या हाकेला वळणं, मी दर वेळी त्याच्या समोर जाऊन बोलणं. हे सगळं माझ्यासमोर होतं आणि मी मापकाच्या काट्याकडे बघत बसले होते. मला स्वतःची लाज वाटली, अजूनही वाटते.

"तवा समजलं," ती म्हणाली. "गेटावर गाडी येवून भोंगा वाजवंल नि यो बसंल तसाच. लोक हसतील. खाडीत कोन हसतंय?"

मागून येणाऱ्या लाँचींचे भोंगे मला आठवले, आणि त्याच्या खांद्यावरून मागे बघणारी ती.

"त्याला माहीत होतं का ग, की तुला कळलंय?"

तिने जवळ्यातला एक खडा काढून बाहेर टाकला.

"मी हात वर केला की तो होडी वलवायचा," ती म्हणाली. "आनकी काय माहीत पायजे?"